वाढीव मजल्यांच्या करारात विजेचा हिशेब आधी मागा

जुन्या इमारतीवर दोन-तीन मजले चढवून नवे फ्लॅट काढायचं ठरलं की सोसायटीच्या सभांमध्ये महिनोन्‌महिने चर्चा चालते ती कार्पेट एरियाची, कॉर्पस फंडाची, पार्किंगची आणि लिफ्टची. विजेचा विषय निघालाच तर अगदी शेवटी निघतो आणि दोन वाक्यांत मिटतो. ‘वाढीव लोडचं विकासक बघेल’ असं कुणीतरी म्हणतं, आणि करारात एक मोघम कलम पडतं: आवश्यक त्या सर्व वीजसुविधा विकासक स्वखर्चाने पुरवील. आमच्या करारातही नेमकं हेच कलम आहे. ते विकासकाच्या वकिलाने लिहिलं होतं. त्यात किलोवॅटचा आकडा घाला, अशी मागणी आम्ही काही सभासदांनी केली होती आणि सभेच्या इतिवृत्तात तशी नोंदही आहे. ‘एवढ्या बारीकसारीक गोष्टी करारात येत नसतात’ असं उत्तर मिळालं. आज आमच्या इमारतीत जो मनस्ताप चालू आहे तो सगळा त्या न घातलेल्या आकड्यातून निघालेला आहे. माझा राग अजून गेलेला नाही. पण घडलेल्या गोष्टीची कहाणी सांगत बसण्यापेक्षा तिच्यामागचा हिशेब मांडला तर तो इतर सोसायट्यांच्या कामी येईल, म्हणून तोच मांडतो.

माझं म्हणणं एकच आहे. इमारतीत नवे फ्लॅट जोडताना वीजव्यवस्था वाढवणं हा फक्त नव्या फ्लॅटांचा प्रश्न नसतो. तो संपूर्ण इमारतीचा प्रश्न असतो. म्हणून लोडचा हिशेब जुन्या-नव्या सगळ्या फ्लॅटांचा मिळून, आजच्या खऱ्या वापरावर, करारावर सही होण्याआधी झाला पाहिजे. तसं झालं नाही तर इमारतीच्या वाट्याची शिल्लक क्षमता नवे फ्लॅट घेऊन जातात, आणि ती पुन्हा उभी करण्याचा खर्च पुढे जुन्या सभासदांच्या गळ्यात पडतो. विकासक हे जाणून असतो. जुने सभासद जाणून नसतात, कारण मीटर खोलीत डोकावायची वेळ त्यांच्यावर कधी आलेलीच नसते.

फ्लॅटमध्ये येणारी वीज एका साखळीतून येते. रस्त्याकडेचं किंवा आवारातलं रोहित्र, ज्याला आपण सगळे डीपी म्हणतो, तिथून फीडर पिलर, तिथून जमिनीखालून सर्व्हिस केबल, मग इमारतीचा मेन स्विच आणि कटआउट, मग बसबार, बसबारवरून प्रत्येकाचा मीटर, आणि मीटरपासून डक्टमधून वर प्रत्येक मजल्यावर गेलेल्या वायरी. मीटरच्या अलीकडचं सगळं सामाईक असतं. यातली प्रत्येक कडी इमारत बांधली तेव्हाच्या गरजेनुसार निवडलेली असते. १९८० किंवा १९९० च्या दशकातल्या पुण्यातल्या मध्यमवर्गीय इमारतीत ही गरज म्हणजे पंखे, ट्यूबलाइट, एक फ्रिज, एक टीव्ही, मिक्सर आणि असलाच तर एक गिझर. म्हणून तशा इमारतींमधल्या कित्येक घरांच्या बिलावर ‘मंजूर भार’ या रकान्यात आजही एक-दोन किलोवॅट असतात. वापर कधीच त्याच्या पुढे गेला आहे. दीड टनाचा एक एसी चालू असताना दीड किलोवॅटच्या आसपास घेतो, साठवणीचा गिझर दोन, झटपट पाणी तापवणारा तीन, इंडक्शन शेगडी दोन. वॉशिंग मशीन, ओव्हन, इस्त्री वेगळंच. कागदावर दोन किलोवॅट असलेल्या घरात आठ किलोवॅटची उपकरणं जोडलेली असणं ही आता सर्वसाधारण गोष्ट आहे.

आता उदाहरणापुरती एक इमारत घेऊ. जुने १६ फ्लॅट, वर आठ नवे. विकासकाचा सल्लागार हिशेब करताना जुन्या फ्लॅटांचा मंजूर भार धरतो: १६ गुणिले २, म्हणजे ३२ किलोवॅट. नव्या आठ फ्लॅटांना प्रत्येकी आठ किलोवॅट, म्हणजे ६४. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचे १५. एकूण १११. सगळी उपकरणं एका वेळी चालत नाहीत हे धरून त्याचे ६० टक्के घेतले की साधारण ६७ किलोवॅट उरतात, आणि ‘सध्याच्या केबलमध्येच भागेल, फार तर थोडी डागडुजी’ असा निष्कर्ष निघतो. हाच हिशेब जुन्या फ्लॅटांच्या खऱ्या जोडलेल्या भाराने करून बघा. १६ गुणिले ८ म्हणजे १२८, अधिक ६४, अधिक १५, एकूण २०७. त्याचे ६० टक्के १२४ किलोवॅट. पहिल्या हिशेबाने थ्री फेज केबलमधून प्रत्येक फेजला सुमारे १०४ अँपियर जातील, दुसऱ्याने सुमारे १९२. केबल तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे १०४ अँपियर गृहीत धरलेल्या केबलमध्ये जवळजवळ साडेतीनपट उष्णता तयार होईल. अशा वेळी फ्यूज उडतो आणि तो उडालाच पाहिजे. पण जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये कुणीतरी जाड तार गुंडाळतो, लाइट येते, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि त्या क्षणापासून इमारतीतला एकमेव पहारेकरी झोपलेला असतो. दोन हिशेबांमधला हा फरक आमच्या लक्षात आला तेव्हा वरच्या मजल्यांचे स्लॅब पडून गेले होते. विकासकाच्या माणसाला तो विचारला तर उत्तर आलं की मंजूर भारापेक्षा जास्त वीज वापरता ही तुमची चूक आहे. देशभर वाढत गेलेल्या वापराला चूक ठरवून ज्याला स्वतःची जबाबदारी झटकता येते, त्याच्याशी पुढे बोलणं अवघड होतं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो जाणकारांकडून येतो. ते म्हणतात की २०७ हा आकडा फुगवलेला आहे. डायव्हर्सिटी नावाची गोष्ट असते. सोळा घरांतले सोळा गिझर एकाच मिनिटाला चालू नसतात. हिशेबाला ६० टक्केसुद्धा जास्त होतात. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे आणि कुठलीही वीजव्यवस्था त्याच गृहीतकावर उभी असते. पण हे प्रमाण लोकांच्या सवयींवर ठरतं आणि सवयी बदलल्या आहेत. गिझर दहा-पंधरा मिनिटं चालतो, त्यामुळे घरोघरीच्या वेळा पुढेमागे होतात. एसीचं तसं नसतं. एप्रिल-मेच्या रात्री तो दहा वाजता सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो, आणि त्या रात्री तो प्रत्येक घरात चालतो. विजेवरच्या गाड्यांचं आणखी वेगळं. साध्या १५ अँपियरच्या सॉकेटवर गाडी सुमारे ३.३ किलोवॅट घेते, घरी बसवलेला मोठा चार्जर सात किलोवॅटच्या पुढे जातो, आणि गाड्या रात्रीच लावल्या जातात. म्हणजे ज्या दोन उपकरणांचा भार झपाट्याने वाढतो आहे ती दोन्ही एकाच वेळी, तासन्‌तास चालणारी आहेत. तीस वर्षांपूर्वीच्या घराला धरून ठरवलेलं डायव्हर्सिटीचं प्रमाण त्यांना लावणं चुकीचं आहे. यावर वाद घालत बसायचीही गरज नाही, मोजता येतं. मे महिन्यात रात्री अकरा वाजता आणि जानेवारीत सकाळी सात वाजता मेन स्विचपाशी परवानाधारक वायरमनकडून टाँग टेस्टर लावून तिन्ही फेजचा आणि न्यूट्रलचा प्रवाह मोजून घ्या, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. हा कागद विकासकाच्या सल्लागाराच्या अहवालाइतकाच वजनदार असतो, आणि खर्च जवळजवळ काहीच नसतो.

न्यूट्रल मोजायला सांगतो त्याला कारण आहे. थ्री फेज व्यवस्थेत तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर न्यूट्रलमधून फारसा प्रवाह जात नाही, कारण तिन्ही प्रवाह एकमेकांना रद्द करतात. या भरवशावर जुन्या इमारतींमध्ये साडेतीन कोअरची केबल टाकलेली असते. तिचा न्यूट्रल फेजच्या निम्म्या जाडीचा असतो. नवे फ्लॅट जोडताना घाईत ते एखाद-दुसऱ्या फेजवर ढकलले गेले तर हा समतोल बिघडतो आणि निम्म्या जाडीचा न्यूट्रल तापू लागतो. त्यात एलईडी दिवे, संगणक, इन्व्हर्टर एसी यांच्यामुळे उठणारे काही प्रवाह असे असतात की ते न्यूट्रलमध्ये रद्द होण्याऐवजी एकमेकांत मिसळून वाढतात. न्यूट्रलचा जोड सैल झाला किंवा जळून सुटला की ज्या फेजवर भार कमी आहे त्या फेजवरच्या घरांमध्ये व्होल्टेज २३० वरून थेट साडेतीनशे-चारशेकडे चढतं. टीव्ही, फ्रिज, राउटर, एसीचे बोर्ड एका झटक्यात जळतात. जळतात ती बहुधा अशा घरातली, जिथे त्या वेळी फारसं काही चालू नव्हतं. अशा वेळी विकासक ‘वरून व्होल्टेज जास्त आलं’ म्हणून वीज कंपनीकडे बोट दाखवतो आणि सामान्य सभासदाला ते खरं वाटतं. म्हणून नुकसानीनंतर लगेच, जोड दुरुस्त करण्याआधी, जळालेल्या जोडाचे फोटो काढून ठेवावेत. नव्या केबलचा न्यूट्रल पूर्ण जाडीचा असेल ही अट करारात घालावी. नव्या मीटरांचं फेजनिहाय वाटप लेखी घ्यावं.

दुसरी कडी मीटर खोली आणि डक्टची. जुन्या इमारतींमध्ये मीटर बऱ्याचदा जिन्याखाली असतात. आग लागली तर बाहेर पडायचा एकमेव रस्ता तिथूनच जातो. आठ-दहा मीटर वाढवायचे म्हणजे त्याच बोर्डाशेजारी प्लायवूडचा एक तुकडा ठोकून भागवलं जातं. वायरींसाठी वेगळा डक्ट नसेल तर त्या पाण्याच्या पाइपांच्या डक्टमधून वर नेल्या जातात. इथे एक नियम सोसायटीच्या बाजूने आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक विनियमांमध्ये १५ मीटरपेक्षा उंच इमारतींसाठी वेगळी तरतूद होती. २०२३ मध्ये त्या विनियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली. वीज सुरू करण्याआधी विद्युत निरीक्षकाला कळवणं, वीजकेबलच्या डक्टमधून इतर कोणतेही पाइप न नेणं, प्रत्येक मजला ओलांडताना डक्टमध्ये आगरोधक अडथळा बसवणं, या गोष्टी त्यात येतात. खाली पार्किंग आणि वर चार मजले असलेली इमारत साधारण १५ मीटरच्या आत किंवा आसपास असते. आणखी दोन मजले चढले की ती ही रेषा ओलांडते. म्हणजे जुन्या मजल्यांच्या डक्टकडेही नव्या नजरेने बघावं लागतं, कारण इमारत एकच आहे. ‘जुन्या भागाला हात लावणार नाही’ हे विकासकाचं लाडकं वाक्य या ठिकाणी टिकत नाही. अग्निशमन पंपाचा वाढीव भार आणि त्याची वेगळी जोडणी हाही याच हिशेबाचा भाग आहे.

तिसरी कडी रोहित्राची, आणि सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. कुणी म्हणेल, विद्युत कायदा २००३ च्या कलम ४३ प्रमाणे मागेल त्याला वीज देणं वितरण कंपनीवर बंधनकारक आहे, मग सोसायटीने आधीपासून डोकं का शिणवावं? २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली दुरुस्ती होऊन नव्या जोडणीची मुदत महानगरांत ३ दिवस, इतर शहरी भागांत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवस झाली आहे, हेही खरं. पण ही मुदत असलेल्या जाळ्यातून वीज देता येत असेल तेव्हाची आहे. वाहिनी वाढवावी लागत असेल किंवा नवं रोहित्र बसवावं लागत असेल तर ती लागू होत नाही. त्यासाठी एस्टिमेट, त्याची मंजुरी, कोटेशन, सुरक्षा ठेव, काम, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, तपासणी, अशी पायरीपायरीने वाट चालावी लागते. रस्ता खोदायचा तर महापालिकेची परवानगी लागते आणि पावसाळ्यात ती मिळत नाही. काम ग्राहकाने स्वतः करून घ्यायचं ठरवलं तर महावितरणच्या पद्धतीत १.३ टक्के देखरेख शुल्क भरून ते करता येतं. पण तेव्हाही वेळ लागतोच. आणि मुख्य म्हणजे नवं रोहित्र इमारतीच्या गरजेसाठी हवं असेल तर त्याची जागा अर्जदाराच्या आवारात, भाडेपट्ट्याने, कंपनीला द्यावी लागते. ती जागा कुणाची? सोसायटीची. कुठली? पार्किंगची, बागेची किंवा मुलं खेळतात ती.

विकासकाच्या वागण्यातला खरा डाव इथे दिसतो, आणि माझा राग सगळ्यात जास्त याच गोष्टीवर आहे. रोहित्राची जागा लागणार हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. मंजुरीच्या नकाशात तो ती दाखवत नाही, कारण दाखवली तर पार्किंगची गणितं बिघडतात आणि सर्वसाधारण सभेत प्रश्न उठतात. तो थांबतो. नवे फ्लॅट विकले जातात, खरेदीदारांचे कर्जाचे हप्ते सुरू होतात, घरं राहण्यायोग्य होतात, आणि मग एक दिवस सोसायटीच्या सचिवांसमोर जागेच्या संमतीचा कागद येतो. आता सही केली नाही तर अंधारात बसणार ते नवे खरेदीदार, ज्यांचा यात काडीचाही दोष नाही. विकासक त्यांना सांगतो की जुने सभासद अडवणूक करत आहेत. पुढची पंचवीस वर्षं एकाच जिन्याने चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांमध्ये पहिल्या दिवसापासून वैर पेरलं जातं, आणि ते पेरणारा तिथे राहत नसतो. आमच्याकडे हेच झालं, आणि अडवणुकीचा ठपका आमच्यावर आला. ज्यांनी आकडा मागितला होता त्यांच्यावर आला. नव्या सभासदांना सगळी कागदपत्रं दाखवल्यावर त्यांच्यापैकी अनेकांची समजूत पटली, पण तोंडातली कटुता गेलेली नाही.

विकासकाच्या बाजूने एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो. तो म्हणतो, जुन्या घरांनी एसी लावले ते माझ्यामुळे नाही. त्यांचा वाढलेला भार मी का उचलू? यात तथ्य आहे. जुन्या फ्लॅटच्या आतली वायरिंग बदलणं, नवा डिस्ट्रिब्यूशन बोर्ड (डीबी), अर्थ लीकेजला तुटणारा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, सिंगल फेजचं थ्री फेज करून घेतल्यास वाढणारा स्थिर आकार, हा खर्च ज्याचा त्याने करावा. विकासकाकडून तो मागणं मला योग्य वाटत नाही. पण मीटरच्या अलीकडची गोष्ट वेगळी आहे. नवे मजले चढले नसते तर जुन्या घरांना भार वाढवायला वाव होता. रोहित्रावर थोडी क्षमता शिल्लक होती, डक्टमध्ये जागा होती, मीटर खोलीत भिंत रिकामी होती, आवारात रोहित्रासाठी कोपरा होता. एकेका घराने अर्ज करत करत पाच-दहा वर्षांत हे झालं असतं. विकासकाने हा सगळा वाव एका फटक्यात वापरला आणि तो वापरून बनवलेले फ्लॅट विकले. त्यानंतर जुना सभासद आठ किलोवॅटसाठी अर्ज करतो तेव्हा त्याला कळतं की आता क्षमता शिल्लक नाही आणि वाढवायची तर पुन्हा पैसे भरावे लागतील. म्हणजे विकासक एसीचे पैसे देत नाही. त्याने जी सामाईक क्षमता घेतली तिची भरपाई तो करतो. वाढीव एफएसआयची किंमत मोजताना त्याला हे तत्त्व मान्य असतं. विजेच्या बाबतीत ते अमान्य का असावं?

बांधकामाच्या काळातली एक गोष्ट थोडक्यात, पण ती महाग पडू शकते. विकासकाला वेल्डिंग, मिक्सर, होइस्ट यांसाठी वीज लागते आणि सोसायटीच्या कॉमन मीटरवरून ती घेणं त्याला सोपं पडतं. ‘बिल आम्ही भरू’ असं तो म्हणतो आणि भरतोही. पण प्रश्न बिलाचा नाही. घरगुती किंवा सामाईक वापरासाठी मंजूर असलेली वीज बांधकामाला वापरणं हा विद्युत कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतो. तसं ठरलं तर लागू दराच्या दुप्पट दराने आकारणी होते, आणि वापर कधीपासून सुरू आहे हे निश्चित करता आलं नाही तर मागचे बारा महिने धरले जातात. नोटीस ज्याच्या नावावर मीटर आहे त्याला येते, म्हणजे सोसायटीला. बांधकामासाठी विकासकाने स्वतःच्या नावावर तात्पुरती जोडणी घ्यावी आणि तिचा ग्राहक क्रमांक समितीला द्यावा, त्याशिवाय पहिली वीटसुद्धा चढू देऊ नये. काम संपल्यावर त्याच तात्पुरत्या जोडणीवर नव्या घरांना वीज देऊन ताबा देण्याचे प्रकारही होतात. तेही करारातच बंद करावेत.

मग करारात काय असावं? सर्वात आधी एकूण भाराचा आकडा, किलोवॅटमध्ये, जुने आणि नवे फ्लॅट वेगळे दाखवून. प्रत्येक जुन्या फ्लॅटसाठी किती किलोवॅट धरले आहेत ते स्पष्ट लिहा. सिंगल फेजची मर्यादा ४० अँपियरची, म्हणजे सव्वानऊ किलोवॅटच्या आसपास आहे; सात किलोवॅटचा गाडीचा चार्जर एकटाच त्यातले तीस-बत्तीस अँपियर खातो. चार्जर लावायचा विचार असलेल्यांना थ्री फेज लागेल, आणि त्याची तरतूद बसबारमध्ये आत्ताच हवी. रोहित्राची जागा नकाशावर लाल रेषेने दाखवलेली हवी आणि तिच्यामुळे गेलेल्या पार्किंगची भरपाई कोण करणार तेही लिहिलेलं हवं. केबलचा आकार, धातू, न्यूट्रलची जाडी, मीटर खोलीचं ठिकाण, वीजकेबलसाठी स्वतंत्र डक्ट, नवे अर्थिंग खड्डे, हे सगळं परिशिष्टात जाऊ द्या. कराराच्या भाषेसाठी वकील लागतो, पण या परिशिष्टासाठी वकील उपयोगाचा नाही. त्यासाठी सोसायटीने स्वतःच्या पैशाने स्वतंत्र विद्युत सल्लागार नेमावा. विकासकाने ‘दोघांच्या वतीने’ नेमलेला सल्लागार विकासकाचाच असतो. त्याची फी कोण देतो ते बघितलं की पुरे. फी आधीच ठरवून घ्या, आणि त्याने मीटर खोलीत स्वतः उभं राहून मोजमाप घेतलं पाहिजे, ही अट घाला.

क्रमही महत्त्वाचा आहे. वाढीव भाराचा अर्ज पहिला स्लॅब पडण्याआधी गेला पाहिजे आणि त्यात जुन्या सभासदांच्या भारवाढीचे अर्जही एकत्र असले पाहिजेत. नव्यांना आधी आणि जुन्यांना ‘नंतर बघू’ हा क्रम मान्य करू नका, कारण तो ‘नंतर’ येतो तेव्हा विकासक निघून गेलेला असतो. पैशाची हमीही या कामाशी बांधा. पुनर्विकासासाठी सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालच्या निर्देशांमध्ये प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमीची तरतूद आहे. वाढीव मजल्यांच्या करारात तसं संरक्षण आपणच लिहून घ्यावं. रोहित्र चार्ज होऊन जुन्या फ्लॅटांच्या वाढीव भाराचं मंजुरीपत्र हातात येईपर्यंत हमीचा ठरावीक भाग सोडायचा नाही आणि नव्या फ्लॅटांचा ताबा द्यायचा नाही, या दोन अटी असल्या की विकासकाला वेळेचं भान राहतं. बाकी नेहमीचंच: प्रत्येक पत्र पोचपावतीसह द्या, तोंडी आश्वासन ईमेलने लगेच पक्कं करून घ्या, कोटेशन आणि पावत्यांच्या प्रती सोसायटीच्या फाइलमध्ये ठेवा, समितीतले लोक बदलले तरी फाइल बदलू देऊ नका. वितरण कंपनीच्या स्तरावर काही अडलं तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल, हा मार्ग कायद्यानेच दिलेला आहे. विकासकाने केलेल्या गोष्टींसाठी मात्र तो मार्ग नाही. तिथे फक्त करार कामाला येतो.

शेवटचा आक्षेप समितीतल्याच मंडळींचा असतो. एवढ्या अटी घातल्या तर विकासक पळून जाईल, मिळणारा कॉर्पस आणि लिफ्ट दोन्ही हातचं जाईल, असं ते म्हणतात. या भीतीनेच आमच्याकडे आकडा मागणाऱ्यांना गप्प बसवण्यात आलं. पण विचार करा. पुण्यात दोन बेडरूमच्या एका नव्या फ्लॅटला जी किंमत येते तिच्यापुढे रोहित्र, केबल आणि मीटर खोली यांचा मिळून होणारा खर्च लहान आहे, आणि विकासक तर असे अनेक फ्लॅट विकणार असतो. ज्या प्रकल्पाला सुरुवातीला उघडपणे मांडलेला एवढा खर्च पेलवत नाही, त्या प्रकल्पात शेवटी लपवलेला खर्चही पेलवणार नाही; तो फक्त दुसऱ्याच्या खात्यावर जाईल. आकडा लिहून द्यायला जो विकासक तयार नसतो त्याच्याशी करार न करणं हेच सोसायटीच्या हिताचं आहे. ज्या इमारतींमध्ये वाढीव मजल्यांचा प्रस्ताव सध्या चर्चेत आहे, त्यांनी पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर वीजभाराचा विषय कॉर्पसच्या आधी घ्यावा, आणि सभेला येताना प्रत्येक सभासदाने आपलं वीजबिल आणि घरातल्या उपकरणांची यादी बरोबर आणावी.